खोरा चर्च ते कारिये मशीद: इस्तंबूलच्या एका वास्तूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही वास्तू नेमकी कुठे आहे आणि तिला इतकी वेगवेगळी नावे का आहेत?

इस्तंबूलच्या फातिह भागात, जुन्या शहराच्या वायव्य टोकाला एदिर्नेकापी नावाचा दरवाजा आहे. त्याच्या जवळच, सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात पाचव्या शतकात उभारलेल्या तटबंदीच्या आतल्या बाजूला ही वास्तू उभी आहे. ग्रीक भाषेत ती 'खोरा' या नावाने ओळखली जाते आणि तुर्की भाषेत 'कारिये जामी' या नावाने. 'खोरा' म्हणजे गावाबाहेरचे रान, शिवार. सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधलेला पहिला तट या जागेच्या बराच अलीकडे संपत होता, त्यामुळे येथला मठ एके काळी खरोखरच वेशीबाहेर होता. पुढे थिओडोसियसच्या तटाने ही जागा शहरात आणली, नाव मात्र शिवाराचेच राहिले. तुर्की 'कारिये' हा शब्द अरबीतून आला असून त्याचा अर्थ गाव किंवा खेडे असा आहे, म्हणजे सत्ता, भाषा आणि धर्म बदलूनही नावाचा आशय जवळपास तोच टिकला. 'जामी' हा शब्द मराठी वाचकाला परका वाटू नये, कारण आपण 'जामा मशीद' म्हणतो त्यातला 'जामा' तो हाच.

'खोरा' या नावाला धार्मिक अर्थही आहे, हे खरे आहे का?

होय. मध्ययुगीन बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातील, विद्वानांना शब्दांच्या अर्थांशी खेळण्याची विलक्षण आवड होती आणि या साध्या स्थलवाचक शब्दातून त्यांनी दोन अर्थ काढले. बाहेरच्या ओसरीतून आत जाणाऱ्या दरवाजावर ख्रिस्ताचे मोझेक (रंगीत तुकड्यांचे चित्र) आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 'जिवंतांची भूमी' अशा अर्थाचे शब्द आहेत. मरियमेच्या चित्राशेजारी 'जो कशातच मावत नाही त्याला सामावणारे स्थान' अशा अर्थाचे शब्द आहेत, कारण अमर्याद ईश्वर तिच्या उदरात मावला अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. दोन्ही ठिकाणी मूळ शब्द 'खोरा' हाच आहे.

आज उभी असलेली इमारत कोणत्या काळातली आहे?

एका वर्षाचे नाव घेऊन या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. येथील मठ फार जुना आहे. परंतु आजच्या चर्चचा पाया अकराव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. सम्राट पहिल्या अलेक्सिओस कोम्निनोसची सासू मारिया दुकेना हिने 1077 ते 1081 च्या सुमारास तेथे नवे चर्च बांधून घेतले. बाराव्या शतकाच्या आरंभी अलेक्सिओसचा मुलगा इसाक कोम्निनोस याने त्याचा बराच भाग पुन्हा उभारला. 1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे तेव्हाचे इस्तंबूल, लुटले आणि 1261 पर्यंत ते शहर पश्चिमी ख्रिस्ती राजवटीखाली राहिले. बायझंटाइन सम्राट परतले तेव्हा शहरातील कित्येक चर्चची दुर्दशा झालेली होती. खोराला नवे रूप मिळाले ते त्यानंतर, साधारण 1316 ते 1321 या वर्षांत. जुना मुख्य गाभा तसाच ठेवून त्याच्या पश्चिमेला बाहेरची ओसरी, दक्षिणेला एक लांबट उपमंदिर आणि उत्तरेला दुमजली जोडइमारत बांधण्यात आली. आजचा मधला घुमट मात्र भूकंपानंतर ऑटोमन (तुर्की) काळात लाकडाचा आधार घेऊन पुन्हा उभारलेला आहे.

हे नूतनीकरण कोणी केले? मोठी टोपी घालून गुडघे टेकलेला तो माणूस कोण?

तो थिओडोरस मेटोखितिस. जन्म 1270 चा, मृत्यू 1332 चा. सम्राट दुसऱ्या आंद्रोनिकोसच्या दरबारात तो आधी खजिन्याचा प्रमुख होता आणि पुढे साम्राज्याचा सर्वोच्च मंत्री झाला. दिवसभर राज्यकारभार आणि रात्री ग्रंथलेखन असे त्याचे आयुष्य होते. खगोलशास्त्र, ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवरील भाष्ये, काव्य आणि निबंध असे त्याचे विपुल लेखन आजही उपलब्ध आहे.

आतल्या ओसरीतून मुख्य प्रार्थनागृहात नेणाऱ्या दरवाजावर त्याचे चित्र आहे. सिंहासनावर ख्रिस्त बसला आहे, त्याच्या उजव्या हाताला मेटोखितिस गुडघे टेकून वाकला आहे आणि दोन्ही हातांत धरलेली चर्चची छोटी प्रतिकृती तो ख्रिस्तापुढे करतो आहे. अंगावर वेलबुट्टीचा भरजरी झगा, आणि डोक्यावर पांढऱ्या व सोनेरी पट्ट्यांची, भोपळ्यासारखी फुगलेली प्रचंड टोपी. ही दरबारी टोपी हे त्याच्या पदाचे चिन्ह होते आणि देवापुढे वाकतानाही त्याने ती उतरवलेली नाही. काहींना यात अहंकार दिसतो. मला मात्र त्यात एका अधिकाऱ्याचा प्रामाणिकपणा दिसतो: ज्या पदामुळे आणि ज्या पैशामुळे हे काम उभे राहिले, ते त्याने लपवले नाही.

1328 मध्ये आंद्रोनिकोसच्याच नातवाने सत्ता घेतली. मेटोखितिसचा वाडा लुटला गेला, संपत्ती गेली आणि त्याला दिदिमोतिखो येथे हद्दपार करण्यात आले. परागंदा असताना त्याने खोराच्या मठवासीयांना लिहिले, आणि मठाला दिलेले आपले ग्रंथ जपावेत अशी कळकळीची विनंती केली. 1330 मध्ये त्याला परतण्याची परवानगी मिळाली, ती साधू म्हणून याच मठात राहण्यासाठी. ज्या दरवाजावर भरजरी वेशातले त्याचे चित्र होते, त्याच दरवाजाखालून तो साध्या वस्त्रांत दोन वर्षे ये-जा करत होता. मार्च 1332 मध्ये येथेच त्याचा अंत झाला.

मोझेक आणि भित्तिचित्रे यांत फरक काय? खोरात दोन्ही आहेत का?

दोन्ही आहेत आणि त्यांच्या जागाही ठरलेल्या आहेत: दोन्ही ओसऱ्यांत व मुख्य प्रार्थनागृहात मोझेक, तर दक्षिणेकडील उपमंदिरात भित्तिचित्रे. मोझेकसाठी मराठीत 'कुट्टिमचित्र' हा शब्द वापरला जातो. भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे थर देऊन, शेवटचा थर ओला असतानाच त्यात रंगीत काचेचे आणि दगडाचे बारीक तुकडे बसवत जायचे, अशी ही पद्धत आहे. सोनेरी तुकड्यात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा अतिशय पातळ वर्ख असतो. हे तुकडे सपाट न बसवता किंचित तिरपे बसवले की पणतीच्या हलत्या प्रकाशात भिंत लुकलुकते. भित्तिचित्रात ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग देतात आणि गिलावा सुकताना रंग त्यातच पक्का होतो. अजिंठ्याची चित्रे गिलावा सुकल्यावर काढलेली असल्याने ती या पद्धतीत मोडत नाहीत, हे येथे सांगायला हवे, कारण मराठी लेखनात या दोन्ही पद्धतींची अनेकदा गल्लत होते.

मोझेकांत कोणत्या कथा चितारल्या आहेत?

आतल्या ओसरीत मरियमेच्या आयुष्याची कथा आहे आणि बाहेरच्या ओसरीत ख्रिस्ताच्या जन्माची, बालपणाची व चमत्कारांची. मरियमेचे बालपण बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही. ते जेम्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका जुन्या आख्यानातून घेतले आहे, आणि ते आख्यान बायझंटाइन घराघरांत प्रिय होते. त्यामुळे येथे धर्मशास्त्रापेक्षा घरातल्या गोष्टी जास्त भेटतात: तान्ही मरियम पहिली सात पावले टाकते, आईवडील तिला मध्ये घेऊन कुरवाळतात.

बाहेरच्या ओसरीतील एका चित्रापाशी मात्र थांबलेच पाहिजे. रोमन सम्राटाच्या आज्ञेने शिरगणती चालू आहे, अधिकारी किरिनियस उंच आसनावर बसला आहे, कारकुनाच्या हातात लांब कागदाची गुंडाळी आहे, आणि त्यांच्यापुढे गरोदर मरियम मान किंचित खाली घालून उभी आहे. करआकारणीसाठी नावनोंदणीचा हा प्रसंग ख्रिस्ती कलेत क्वचितच दिसतो. ज्या माणसाने ही चित्रे करून घेतली तो स्वतः साम्राज्याच्या महसुलाचा प्रमुख होता, हे लक्षात घेतले की हा प्रसंग इतक्या ठळक जागी आला तो केवळ योगायोगाने, असे मानणे मला कठीण जाते.

आतल्या ओसरीच्या दक्षिण टोकाला ख्रिस्त आणि मरियम यांचे भव्य चित्र आहे. त्यात खालच्या कोपऱ्यांत दोन छोट्या आकृत्या दिसतात. एक बाराव्या शतकातील जीर्णोद्धारकर्ता इसाक, आणि दुसरी मेलानिया नावाची साध्वी. ती म्हणजे सम्राट आठव्या मिखाइलची मुलगी मारिया असे सामान्यपणे मानले जाते. राजकारणासाठी तिचा विवाह इराणातील मंगोल राजा अबाका खान याच्याशी लावून देण्यात आला होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर ती कॉन्स्टँटिनोपलला परतली. तिच्याच नावाशी जोडलेले 'मंगोलांच्या मरियमेचे' चर्च येथून फार दूर नाही. ऑटोमन विजयानंतरही ते मशीद न होता ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजाचे चर्च म्हणूनच राहिले.

दक्षिणेकडील उपमंदिराची एवढी कीर्ती का आहे?

हे उपमंदिर दफनासाठी बांधलेले होते. त्याच्या भिंतींत थडग्यांसाठी चार मोठे कमानदार कोनाडे आहेत. साहजिकच येथील चित्रांचा विषय मृत्यू, न्याय आणि पुनरुत्थान हा आहे. छतावर अंतिम न्यायाचे दृश्य असून त्याच्या मध्यभागी एक देवदूत सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांसह सारे आकाश शंखासारख्या वेटोळ्यात गुंडाळून नेतो आहे. काळ संपला हे सांगण्यासाठी आकाशाची घडी घालण्याची ही कल्पना मला आजवर पाहिलेल्या धार्मिक चित्रांत सर्वांत धाडसी वाटते.

तरीही डोळे अखेर पूर्वेकडच्या अर्धगोल भिंतीकडेच वळतात. तेथे 'अनास्तासिस', म्हणजे पुनरुत्थान, हे चित्र आहे. मृत्यूनंतर ख्रिस्त पाताळात उतरला आणि त्याने तेथील मृतांना सोडवले, या श्रद्धेचे ते चित्रण आहे. पांढरेशुभ्र वस्त्र नेसलेला ख्रिस्त मध्यभागी, दोन्ही पाय फाकून, जोर लावून उभा आहे. त्याच्या एका हाताला आदाम आणि दुसऱ्या हाताला लाल वस्त्रातील हव्वा. तो त्या दोघांना त्यांच्या थडग्यांतून अक्षरशः उपसून काढतो आहे. जवळून पाहिले तर कळते की त्याने त्यांचे तळहात धरलेले नाहीत, मनगटे धरली आहेत. विहिरीत पडलेल्या माणसाला वर ओढताना आपण मनगट धरतो, कारण बुडणाऱ्याच्या हातात धरून ठेवण्याचे बळ उरलेले नसते. ख्रिस्ताच्या पायांखाली पाताळाचे दरवाजे मोडून पडले आहेत, काळोखात हातपाय बांधलेला सैतान आहे, आणि त्याच्या अवतीभोवती कुलपे, किल्ल्या, बिजागऱ्या विखुरल्या आहेत. हे ज्याने रंगवले त्या चित्रकाराचे नाव कुठेही नोंदलेले नाही. युरोपातील चित्रकलेच्या इतिहासात चौदाव्या शतकाचा आरंभ म्हटला की इटलीचे नाव घेतले जाते. त्याच वर्षांत बॉस्फरसच्या काठी माणसाच्या देहाला इतका वेग आणि इतके वजन देणारा कलावंत होता, ही गोष्ट त्या इतिहासात पुरेशा ठळकपणे लिहिली गेलेली नाही.

1453 मध्ये चर्चचे काय झाले आणि ते मशीद केव्हा झाले?

ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने शहराला वेढा घातला, तेव्हा शहराची रक्षक मानली जाणारी मरियमेची 'ओदिगित्रिया' नावाची पवित्र प्रतिमा खोरात आणून ठेवली होती. तटबंदी जवळ असल्याने तेथून तिचे रक्षण मिळेल अशी लोकांची भावना होती. 29 मे 1453 रोजी तट फुटला. आत शिरलेल्या सैनिकांनी त्या प्रतिमेचे चार तुकडे करून ते वाटून घेतल्याचे समकालीन इतिहासकार दुकास याने लिहून ठेवले आहे. खोरा मात्र लगेच मशीद झाले नाही. सुमारे अर्ध्या शतकानंतर, दुसऱ्या बायझीदच्या कारकिर्दीत, त्याचा वझीर अतिक अली पाशा याने त्याचे मशिदीत रूपांतर केले. अली पाशा 1511 मध्ये मारला गेला, त्यामुळे हे रूपांतर त्यापूर्वीचे. घंटाघराच्या जागी मीनार आला. पूर्वेकडच्या अर्धगोल भागात मक्केची दिशा दाखवणारा संगमरवरी मिहराब बसवला गेला. चर्चचा अक्ष आणि मक्केची दिशा एक नसल्यामुळे तो मध्यरेषेपासून थोडा सरकलेला दिसतो.

मशीद झाल्यावर चित्रे फोडून का टाकली नाहीत?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्यामागे बहुधा एक गृहीत असते की, धर्म बदलला की विध्वंस ठरलेलाच. खोराची भिंत तसे सांगत नाही. नमाजाच्या जागी माणसांची चित्रे असू नयेत हा इस्लामी दंडक पाळण्यासाठी चित्रे नष्टच करणे आवश्यक नव्हते, ती नजरेआड झाली तरी पुरेसे होते. म्हणून काही ठिकाणी चुन्याचा हात फिरवण्यात आला, तर काही ठिकाणी लाकडी झडपा लावण्यात आल्या. ओसऱ्यांतील बरीच चित्रे दीर्घकाळ दिसत राहिली असावीत, कारण शहरात आलेल्या प्रवाशांनी त्यांचे उल्लेख केले आहेत. मुख्य प्रार्थनागृहात मात्र फार मोठी हानी झाली. तेथे आज तीनच मोझेक उरले आहेत: ख्रिस्त, मरियम, आणि दरवाजाच्या वर मरियमेच्या महानिद्रेचे (मृत्यूचे) दृश्य. या हानीत भूकंप, गळते छत आणि ओल यांचा वाटा मोठा आहे.

चुन्याने चित्रांना हवा, काजळी आणि माणसांचे हात यांपासून दूर ठेवले. शिवाय इमारत वापरात होती म्हणून तिचे छप्पर दुरुस्त होत राहिले, मीनार पडला तर पुन्हा उभारला गेला, वक्फातून खर्च चालला. रिकामी पडलेली कित्येक बायझंटाइन चर्च आज विटांच्या ढिगाऱ्याच्या रूपानेही उरलेली नाहीत. चित्रे झाकली गेली याचे दुःख खरे आहे, आणि झाकली गेली म्हणून उरली हेही तितकेच खरे आहे.

ती पुन्हा उजेडात कशी आली?

1860 च्या सुमारास पेलोपिदास कुप्पास या ग्रीक वास्तुविशारदाने काही मोझेक उघडे केले आणि त्यानंतर युरोपीय अभ्यासकांचे लक्ष येथे वळले. 1894 च्या भूकंपात वास्तूची पडझड झाली. पुढे तुर्की प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळाने 1945 मध्ये ती संग्रहालय म्हणून घोषित केली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बायझंटाइन इन्स्टिट्यूटने थॉमस व्हिटेमोर यांच्या नेतृत्वाखाली काम हाती घेतले. 1950 मध्ये व्हिटेमोर यांचे निधन झाल्यावर पॉल अंडरवुड यांनी ते पुढे नेले. गिलाव्याचे थर बारीक हत्यारांनी हळूहळू सोडवणे, भिंतीपासून सुटलेला मोझेकचा पृष्ठभाग पुन्हा पक्का करणे, आणि जेथे चित्र नाहीसे झाले तेथे नवे काही न रंगवता जागा साध्या गिलाव्याने मोकळी सोडणे, ही त्यांची पद्धत होती. आज चित्रांमध्ये जे कोरे डाग दिसतात, ते या संयमाचे चिन्ह आहे. 1958 मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

संग्रहालय असताना ती पुन्हा मशीद कशी झाली?

नोव्हेंबर 2019 मध्ये तुर्कीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 1945 चा निर्णय रद्द ठरवला. वक्फपत्रात मशीद म्हणून नोंदलेली वास्तू दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. जुलै 2020 मध्ये शहरातील प्रसिद्ध प्राचीन चर्च हागिया सोफियाबाबत असाच निर्णय झाला आणि 21 ऑगस्ट 2020 रोजी कारियेचा राष्ट्राध्यक्षीय आदेश निघाला. त्यानंतर डागडुजीचे काम चालले आणि 6 मे 2024 रोजी ती नमाजासाठी खुली झाली. ग्रीस सरकारने या निर्णयाचा निषेध केला. ही वास्तू 1985 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील इस्तंबूलच्या ऐतिहासिक भागांत मोडते, त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांनीही चिंता व्यक्त केली.

मग आज तिला चर्च म्हणावे की मशीद?

कायद्याने आणि वापराने ती मशीद आहे. बांधणीने आणि चित्रांनी ती चर्च आहे. चार शतकांहून अधिक काळ तेथे नमाज पढणाऱ्या पिढ्यांची श्रद्धा ही घुसखोरी मानणे जितके अन्यायाचे, तितकेच मेटोखितिसच्या वास्तूला निव्वळ 'जुनी मशीद' म्हणणेही अन्यायाचे आहे. माझे वैयक्तिक मत असे की, ज्या वास्तूत इतक्या जणांचे देव राहून गेले, तिला संग्रहालय म्हणून ठेवणे सर्वांनाच अधिक न्याय्य होते. निर्णय झाल्यानंतर मात्र खरा मुद्दा नावाचा उरत नाही, चित्रे दिसत राहतात का आणि जपली जातात का, हा उरतो.

चित्रे आज पाहता येतात का?

होय. ओसऱ्यांतील मोझेक आणि उपमंदिरातील भित्तिचित्रे उघडी आहेत. मुख्य प्रार्थनागृहातील तीन मोझेकांवर नमाजासाठी पडदे येतात आणि तेथील संगमरवरी जमीन गालिच्याखाली गेली आहे. गालिचा असला तरी भिंतींचे पाषाणकाम चुकवू नये. एकच शिळा चिरून तिच्या फळ्या उघड्या पुस्तकाच्या समोरासमोरच्या पानांसारख्या शेजारी बसवल्या आहेत. त्यामुळे दगडातल्या रेषा एकमेकींची प्रतिबिंबे होऊन जणू नक्षीच तयार होते.

हागिया सोफिया पाहिली असेल तर येथेही जाण्याची गरज आहे का?

आहे. 537 मध्ये पूर्ण झालेली हागिया सोफिया साम्राज्याच्या भरभराटीची आणि सम्राटाच्या सामर्थ्याची वास्तू आहे, तिच्यात माणूस लहान होतो. खोरा हे आकसत चाललेल्या, कर्जबाजारी साम्राज्यातील एका मंत्र्याचे काम आहे. येथले घुमट इतके जवळ आहेत की चेहऱ्यांवरचे भाव वाचता येतात.

भेट देताना काय लक्षात ठेवावे?

नमाजाच्या वेळी दर्शन थांबते, म्हणून त्या वेळा पाहून जावे, शुक्रवार तर टाळावाच. गालिच्यावर पादत्राणे काढावी लागतात आणि स्त्रियांना डोके झाकावे लागते. छोटी दुर्बीण जवळ असेल तर घुमटांतील चित्रांचा आनंद दुप्पट होतो. किमान दोन तास हाताशी ठेवावेत आणि ओसऱ्यांतच दमून न जाता उपमंदिरासाठी अर्धा वेळ राखावा. निघण्यापूर्वी बाहेरच्या ओसरीच्या मुख्य दरवाजापाशी येऊन आतल्या बाजूने वर पाहावे. तेथे दोन्ही हात पसरलेली मरियम आहे, तिच्या छातीशी बाळ ख्रिस्त आहे, आणि शेजारी ते शब्द: जो मावत नाही त्याला सामावणारी जागा.